फळीवरचं वजन

ती घटना आठवली नाही असा वखरणीचा एकही हंगाम निवृत्तीनंतर गेलेला नाही. रस्त्याकडेच्या शेतात बैलांमागे फळी ओढताना कोणी दिसलं, की माझी गाडी आपोआप हळू होते. बायको विचारते, काय झालं. काही नाही म्हणतो आणि पुढे निघतो. तिला सगळं माहीत आहे, तरी ती विचारते.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं आणि गावाचं नाव, माणसांची नावं मी सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात राहतात, त्याच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ये-जा करतात. नावं कळून वाचकाच्या हाती काही लागणार नाही, आणि त्यांचं मात्र जे थोडंफार सावरलं आहे ते पुन्हा विस्कटेल.

आमच्या ठाण्याची हद्द एका बाजूला मंगरूळपीरच्या रस्त्याला लागे आणि दुसऱ्या बाजूला डोंगरात शिरे. त्या डोंगरात लष्कराचं शस्त्रचाचणीचं राखीव क्षेत्र होतं. लोक त्याला नुसतं ‘रेंज’ म्हणत. चाचणी असली की आदल्या दिवशी ठाण्याला निरोप येई. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेई, मी पोलीस पाटलांना फोन करी आणि पोलीस पाटील ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ओरडत, “उद्या डोंगरावर लाल झेंडा हाय, ढोरं तिकडं नेऊ नका!” सकाळी टेकडीच्या टोकावर लाल झेंडा चढे आणि दिवसभर धडामधूम चाले. नवीन बदलून आलो तेव्हा पहिल्याच आवाजाला माझ्या हातातला चहा सांडला होता आणि आमचे जमादार तोंड फिरवून हसले होते. थोड्याच दिवसांत मीही त्यांच्यासारखा झालो. भिंतीवरचं कॅलेंडर हललं तरी मान वर होत नसे. गावात तर तान्ही लेकरंसुद्धा त्या आवाजात झोपून राहत.

ही सवयच त्या दिवशी आडवी आली.

उन्हाळा होता, झेंड्याचा दिवस होता. दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला. एरवी हा माणूस बकरी हरवली तरी भोंग्यावर बोलावं तसा बोलायचा. त्या दिवशी कुजबुजल्यासारखा बोलला. “साहेब, नाल्याकाठच्या वावरात माणूस उडाला. लवकर या.”

गावाला लागूनच नाल्याच्या काठी ते ओलिताचं वावर होतं. भाजीपाला पिकवणारं घर. म्हातारा बाप, त्याचा एकुलता एक मुलगा, सून आणि शाळेत नुकतीच जायला लागलेली नात. मेथी, पालक, वांगी आणि सांबार लावायचे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, नवख्यांनी गोंधळून जाऊ नये. सून पहाटे माल घेऊन मंगरूळपीरच्या बाजारात जायची, विकून परत यायची आणि मग नवऱ्यासाठी भाकरी घेऊन वावरात जायची. त्या दिवशीही ती तशीच गेली होती. सकाळपासून डोंगरात आवाज होत होते. त्यातला एक आवाज आपल्याच वावरातला होता, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. तिनं जाऊन पाहिलं तेव्हा सगळं संपलं होतं.

मुलगा गेला होता. त्याचं वर्णन मी करणार नाही, पंचनाम्यात केलं ते पुरेसं आहे. जवळ हातोडा पडला होता, थोड्या अंतरावर छिन्नी होती. वाफे करण्याआधी ढेकळं फोडायला आणि जमीन सपाट करायला बैलांमागे लाकडी फळी ओढतात, ती फळी मधोमध फुटून दोन्हीकडे पडली होती. मातीत लोखंडाचे तुकडे रुतले होते. बैलजोडी बाजूच्या निंबाखाली सावलीत बांधलेली होती आणि त्यातल्या एका बैलाच्या मांडीला कापडाची पट्टी आवळून बांधली होती. पट्टी रक्तानं भिजली होती. मी ते पाहिलं, पंचनाम्यात लिहून घेतलं आणि तेव्हा तरी त्यातून काही निघेल असं मला वाटलं नाही.

म्हातारा धुऱ्यावर बसला होता. रडत नव्हता. मी जवळ गेलो तसा त्यानं शेजारच्या वावराकडे बोट केलं.

“त्यानं मारलं, साहेब. मायं पोरगं त्यानं मारलं.”

शेजारच्या वावरवाल्याशी या घराचा धुऱ्यावरून वाद होता. वखर पाळीपाळीनं धुरा कोरत जातो, मग दोघांनाही वाटतं समोरचाच आत घुसला. आठवड्याभरापूर्वीच पारावर दोघांची जुंपली होती आणि शेजाऱ्यानं चारचौघांत म्हटलं होतं, “एक दिवस तुले दाखवतोच.” असं वाक्य आमच्या भागात माणूस महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी म्हणतोच. पण म्हटल्यानंतर समोरचा माणूस मेला, की त्या वाक्याचं वजन बदलतं. म्हाताऱ्याच्या फिर्यादीवरून खुनाचा गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा खबऱ्या चहाच्या टपरीवर बसणारा होता. त्याच्या दहा बातम्यांत एखादीच खरी निघे, पण ती पक्की निघे. त्यानं सांगितलं, “साहेब, त्या शेजाऱ्याच्या कोठ्यात पाहा. डुकरायसाठी बॉम्ब ठुते तो.”

रानडुकरांनी त्या पट्ट्यात शेतकऱ्यांना जेरीस आणलं होतं. काही लोक चोरून गावठी बॉम्ब आणत, कणकेच्या गोळ्यात लपवून बांधावर ठेवत. डुक्कर चावलं की फुटे. कधी डुक्कर मरे, कधी कुणाची गाय मरे. आम्ही गुरांच्या कोठ्याची झडती घेतली. कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात डबा सापडला, डब्यात बॉम्ब. अटक झाली, कोर्टानं पोलीस कोठडी दिली. गाव समाधान पावलं. वर्तमानपत्रात बातमी आली, वरिष्ठांचा फोन आला, सगळे म्हणाले तपास लागला. मलाही तसंच वाटत होतं, फक्त आरोपी मदत करत नव्हता.

चौकशीच्या खोलीत मी कितीतरी माणसं पाहिली आहेत. खोटं बोलणारा माणूस बहुधा भरपूर बोलतो. न विचारलेलं सांगतो, देवाची शपथ घेतो, पाणी मागतो. या माणसानं डुकरांच्या बॉम्बची कबुली पहिल्याच प्रश्नाला दिली. कुठून आणले, कधी आणले, सगळं सांगितलं. पण खुनाचं विचारलं की एकच वाक्य.

“मी नाही मारलं त्याले.”

“तू कुठे होतास?”

“मायाच वावरात.”

“मग आवाज ऐकला असशील.”

“झेंड्याचा दिवस होता साहेब. आवाज तं होतच होते.”

एवढं बोलून तो जमिनीकडे पाहत राही. त्याची बायको रोज डबा घेऊन ठाण्यात येई. नियमात बसवून मी तिला समोर उभं करी. ती त्याला रागावे, “बोला ना हो! काहून मुके झाले? तुमी केलं नाही तं सांगा ना साहेबाले, काय पाह्यलं ते!” तो डबा उघडून खाली मान घालून जेवत राही. जमादार मला म्हणाले, “साहेब, याच्या पोटात काहीतरी आहे, पण ते गुन्ह्याचं वाटत नाही.” जमादारांची नोकरी ठाण्याच्या अंगणातच पिकली होती. मी त्यांचं म्हणणं मनात ठेवलं.

मग बॉम्बशोधक पथकाचा माणूस आला. मातीतले तुकडे त्यानं फडक्यावर मांडले, एक उचलला, वजन घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. “डुकराच्या बॉम्बमध्ये असलं लोखंड नसतं साहेब. हे तिकडचं आहे.” त्यानं मान डोंगराकडे केली. रेंजवरून एक तरुण अधिकारी जीप घेऊन आला. तुकडे त्यानं उलटसुलट करून पाहिले. मग त्यानं सांगितलं, गोळा त्यांचाच आहे, पण आजकालचा नाही. गंज सांगतो की तो कुठेतरी पाण्याचिखलात पावसाळे काढून आलेला आहे. पडताना फुटला नाही, शोधताना सापडला नाही.

म्हणजे गोळा त्या दिवशी आभाळातून पडला नव्हता. तो वावरातच होता. आणि छिन्नी-हातोडा त्याच्याजवळ होता. खुनाचा गुन्हा माझ्या हातात तिथेच ढिला झाला, पण शेजारी का गप्प आहे, याचं उत्तर त्यात नव्हतं.

मी पंचनामा पुन्हा वाचायला घेतला आणि बैलाच्या मांडीवरच्या पट्टीवर थांबलो. पट्टी कोणी बांधली? सुनेनं नाही, तिनं नवऱ्याशिवाय काही पाहिलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं नाही, तो सुनेच्या ओरडण्यानंतर गावातून आला होता. मरणाऱ्यानं तर नाहीच. जमादारांना आरोपीच्या घरी पाठवलं. त्यांनी त्याचा खांद्यावरचा दुपट्टा जप्त करून आणला. धुतलेला होता आणि एका बाजूनं टर्रकन फाटलेला होता. फाटलेली कड पट्टीला बरोबर जुळली.

त्या दिवशी मी त्याला चौकशीच्या खोलीत घेतलं नाही. ठाण्याच्या मागच्या बाजूला चिंचेखाली बाकावर बसवलं, चहा सांगितला. दुपट्टा आणि पट्टी समोर ठेवली.

म्हटलं, “बैल तू बांधलेस, जखम तू बांधलीस. ज्याला माणूस मारायचा आहे तो त्याच्या बैलाची जखम बांधत बसत नाही. तू त्याला मारलं नाहीस, हे मला माहीत आहे. तू कुणाला वाचवतोयस तेवढं सांग.”

त्यानं कप खाली ठेवला आणि पट्टी हातात घेतली. मग तो लहान मुलासारखा रडला, आणि थांबल्यावर एकदाचं सगळं बोलला.

“आवाज झाला तवाच मले समजलं, हा डोंगरातला नोहे. पायाखालची माती हालली होती. मी धावत गेलो. तो पडेल होता, पण जिता होता साहेब. बोलून राह्यला होता. मी म्हटलं, थांब, गाडी पाहून येतो. त्यानं मायं मनगट धरलं. म्हने, बाबाले सांगजो नोको. मी म्हटलं, काय सांगू नोको? तं म्हने, लोखंडाचं. मी दुसरंच कायतरी फोडून राह्यलो होतो म्हून सांग, कायबी सांग, पन त्यायनं आनलेलं तेच फुटलं हे त्यायले कळू देजो नोको.”

“लोखंड म्हाताऱ्यानं आणलं होतं?”

“बुढ्यानंच आनलं. नाल्यात सापडलं होतं त्याले. म्या सोता पाह्यलं बैलबंडीवर घालून आनताना. हासलो होतो मी त्याले. म्हटलं, आबाजी, तोफ आनली का?”

तो गाडी शोधायला रस्त्याकडे पळाला. झेंड्याच्या दिवशी त्या रस्त्याला वाहन फार येत नाही. जाताना बिथरलेले बैल पाहिले, ते पडलेल्या माणसाला तुडवतील म्हणून सोडवून निंबाखाली बांधले, रक्त वाहत होतं ते दुपट्टा फाडून बांधलं. गाडी मिळाली नाही. परत आला तेव्हा सून पोहोचली होती आणि तिच्या ओरडण्यावरून त्याला कळलं की आता गाडी लागणार नाही. कोठ्यात बॉम्ब, पारावर केलेलं भांडण, अंगाला रक्त. तो घरी गेला आणि दुपट्टा धुतला.

“भीती वाटली होती, ते समजलं. पण अटक झाल्यावर तरी बोलायचं. खुनाच्या गुन्ह्यात काय होतं, ठाऊक आहे तुला?”

तो म्हणाला, “मी आज ना उद्या आलो असतो साहेब बाहेर. बुढा तं रोज मेला असता.”

हा माणूस काही संत नव्हता. धुरा त्यानंही कोरला होता, हे मोजणीत पुढे निघालं. डुकरांच्या बॉम्बचा खटला त्याच्यावर वेगळा चाललाच. पण माझ्या नोकरीत शपथेवर खोटं बोलणारी कितीतरी माणसं भेटली; दिलेल्या शब्दासाठी खुनाचा आरोप अंगावर घेणारा हा एकटाच निघाला.

त्याचं सांगणं ताडून पाहणं माझं काम होतं. मी सुनेकडे गेलो. तिचं माहेर रिठदकडचं, तिचा भाऊ तिला न्यायला आला होता, पण सासऱ्याला एकटं टाकून ती जायला तयार नव्हती. फळी मधोमध फुटली होती, म्हणजे ते लोखंड तिच्यावरच असणार. मी विचारलं, “फळीवर वजन कशाचं ठेवायचे?”

तिनं घरात सासरे नाहीत हे पाहून घेतलं आणि सांगितलं. फळी नुसती ओढली तर ढेकळांवरून उडत जाते, तिच्यावर भार लागतो. पूर्वीपासून त्यांच्याकडे लेकरालाच फळीवर बसवत. म्हाताऱ्यानं मुलाला बसवलं, मुलानं आपल्या पोरीला. लेकरांनाही मजा वाटते. मागच्या वर्षी पोरगी फळीवरून घसरली आणि तिचा पाय फळीखाली आला. हाड मोडलं नाही, पण म्हाताऱ्यानं ते मनाला लावून घेतलं. नातीला पुन्हा फळीवर बसू देणार नाही म्हणाला. दगड बांधून पाहिला, तो गडगडायचा. मग पावसाळा सरल्यावर नाल्यात हे लांबोडकं, जड लोखंड सापडलं.

“रेंजचं आहे हे कळलं नाही का?”

“कळलं ना साहेब. गावातल्या साऱ्यायलेच कळते. पन मामाजी म्हने, जे फुटाचं ते पडल्यावरच फुटते. यानं पावसाळा खाल्ला, आता याच्यात जीव नाही.”

सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. हा समज त्या एका म्हाताऱ्याचा नव्हता. सबंध गावाचा होता. ओढ्यानाल्यात सापडलेलं लोखंड एक पावसाळा भिजलं की मेलं, असं तिथं सगळे धरून चालत. कोणी कुंपण ओलांडून आत जात नव्हतं. डोंगरातलं पाणीच आतल्या वस्तू बाहेर आणून देत होतं, आणि भोंग्यावरून आम्ही फक्त ढोरं वर नेऊ नका एवढंच सांगत होतो.

त्या लोखंडाला बांधलेली तार सारखी सरकायची. ती सरकू नये म्हणून तिच्या नवऱ्यानं त्या दिवशी छिन्नीनं खाच पाडायला घेतली होती.

मी उठलो तशी ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “साहेब, कागदात काय लिहाचं ते लिहा. पन मामाजीले नका सांगू. पोरगी हाय ना, तिच्यासाठी जगून राह्यले ते.”

म्हणजे मरताना मुलानं तेच सांगितलं, तुरुंगाच्या दारात उभा असलेला शेजारी तेच म्हणाला, आणि कपाळ पांढरं झालेली सूनही तेच म्हणत होती.

पुढचे काही दिवस लष्कराची तुकडी आणि आमचं पथक नाला पिंजून काढत होतं. भोंग्यावरून पुकारलं, घरात कुणाकडे रेंजचं लोखंड असेल तर हात लावू नका, नुसतं दाखवा. लोकांनी दाखवायला सुरुवात केली. एकाच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं. एकाच्या खाटेच्या मोडक्या पायाखाली. एका घरी लोहाराच्या ऐरणीसारखं वापरून त्यावर विळे ठोकत होते. बहुतेक फुटून गेलेली टरफलं होती, पण सगळी नव्हती. वाळूच्या पोत्यांआड नेऊन ती नष्ट केली. त्या दिवशी झेंडा नसताना आवाज झाले आणि गावातली माणसं प्रत्येक आवाजाला दचकत होती. त्या गावाला आवाजाची भीती वाटताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता उरलं होतं ते माझं काम. खुनाच्या गुन्ह्यातून शेजाऱ्याला मोकळं करण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. तपास असा बंद करायचा तर फिर्यादीला कळवावं लागतं, का बंद केला ते सांगावं लागतं. फिर्यादी म्हणजे तो म्हातारा. कायद्यात यातून सूट नाही, आणि कुणी शिपाई पाठवून हातात कागद ठेवून यायला सांगणं मला जमलं नसतं. मी वर्दी न घालता एकटाच गेलो. वाटेत काय बोलायचं ते चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा मोडलं.

म्हातारा वावरातच होता. निंबाखाली जमिनीवर बसून तो नव्या लाकडाची फळी तासत होता. मला पाहून त्यानं वाकस खाली ठेवला आणि गोणपाट झटकून बसायला दिलं.

मी म्हटलं, “बाबा, शेजाऱ्याला कोर्टानं खुनातून सोडलं. त्याचा काही हात नव्हता.”

“मले ठाव हाय,” तो म्हणाला.

मला वाटलं गावातून कळलं असेल. मी पुढे बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

“तुमी नका बोलू, साहेब. तुमाले जड जाईन. मीच सांगतो.” त्यानं निंबाच्या बुंध्याशी बोट दाखवलं. तिथं जमिनीला एक लांबट खळगी पडली होती, कडेनं गवत आणि आत नुसती दबलेली माती. “वखरणी नसली का ते इथं ठुत होतो. पोराले इथंच वावरात अग्नी देला होता. राख उचलाले आलो त्या दिवशी पाह्यलं, जागा रिकामी. तवा समजलं मले.”

मी खळगीजवळ जाऊन पाहिलं. तो मागून बोलत राहिला.

“पह्यल्या दिवशी खरंच वाटलं होतं का त्यानंच मारलं. तुमच्यापाशी खोटं नाही बोललो. पन मंग समजलं तरी ठान्यात नाही आलो. पाय उचलत नव्हते. म्हटलं, त्यानं मले बंडीवर लोखंड आनताना पाह्यलं हाय, तो सांगनच. तो बोलला का मी कबूल करीन. रोज वाट पाह्यली साहेब. तो बोललाच नाही. आन् मी त्याले तिथं बसू देलं.”

आता तो रडत होता. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

“सून घरात माया तोंडाकडं पाह्यत नाही. मले वाटे रागानं. मंग समजलं, मले कळू नये म्हून. मी बी तिले कळू देत नाही का मले कळलं. पोरीच्या पायाले लागू नये म्हून आनलं होतं ते. पोरीचा बापच गेला.” त्यानं डोळे पुसले आणि ताठ बसला. “मायावर केस करा, साहेब. जे काय कलम असन ते लावा.”

तीस वर्षांहून जास्त नोकरीत मी कितीतरी माणसांना कलमं लावली. ज्यांना नको होती त्यांना लावली. ज्यानं स्वतःहून मागितलं त्याला द्यायला माझ्याजवळ कलम नव्हतं. मी त्याला तसंच सांगितलं. म्हटलं, “बाबा, यासाठी कायद्यात काही नाही.”

“मंग कुटं असते?” त्यानं विचारलं.

निघताना त्यानं एकच काम सांगितलं. “शेजाऱ्याले म्हना, इकडून जाताना मान खाली घालून जात जाऊ नको. मले बोलाव वाटते, पन कोन्या तोंडानं बोलू?” मी निरोप दिला. शेजारी म्हणाला, “म्हंजे त्याले समजलं?” त्यानं एवढं सोसून पाळलेला शब्द आधीच मोडून पडला होता, कुणी न मोडता.

आता मी प्रशिक्षण केंद्रात अधूनमधून शिकवायला जातो. माझ्या वर्गातली पोरं, म्हणजे नवीन भरती झालेले उपनिरीक्षक, कधी विचारतात की तपासातून काय शिकलात. ठरलेली उत्तरं सांगतो, पंचनामा बारकाईनं करा, जुळतंय म्हणून थांबू नका. या प्रकरणानं शिकवलं ते वर्गात सांगता येत नाही. गप्प बसलेला प्रत्येक माणूस गुन्हा लपवत नसतो. काही घरांत सगळेच एकमेकांपासून तेच एक दुःख लपवत असतात आणि सगळ्यांनाच ते ठाऊक असतं. पोलिसाला सत्य बाहेर काढायचा पगार मिळतो. ते बाहेर काढल्यावर कुठं ठेवायचं, हे कोणी शिकवत नाही.

बदली होण्याआधी, पेरणी तोंडावर असताना, एकदा त्या रस्त्यानं गेलो. डोंगरावर झेंडा होता, आवाज चालू होते. नाल्याकाठच्या वावरात शेजारी बैल हाकत होता. म्हाताऱ्याचे बैल, एकाच्या मांडीवर भरलेल्या जखमेचा पांढरा डाग. मागे नवी फळी होती आणि फळीवर भार म्हणून म्हातारा स्वतः बसला होता, दोन्ही हातांनी दोर धरून. नात धुऱ्यावर उभी राहून ओरडत होती, “आबाजी, मले बी बसू द्या ना!”

म्हाताऱ्यानं मान हलवून तिला नाही म्हटलं आणि फळी पुढे गेली.